शिलाई मशीनच्या खणातली बाटली

आजारपणापासून आईचं शिलाई मशीन बंदच होतं. मग खणात तेलाच्या दोन बाटल्या कशा? थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. तिनं नव्या बाटलीचं बूच काढून वास घेतला. धाकट्याच्या कॉलेजच्या दिवसांत त्याच्या शर्टांना यायचा, तोच उग्र वास!

"कुठून आणलीस ही?"

"आली फौजदार!" धाकटा पुटपुटला. "ताई, माझ्यासाठी नाही गं. आईच्या जिभेखाली थेंब देतो. केमोनंतर तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही, दिसत नाही का तुला?"

"गांजाचं तेल? आईला? दिलं कुणी?"

तो बाटली परत घ्यायला पुढे सरसावला. तिचा संशय पक्का झाला. बाटली पर्समध्ये टाकून तिनं तडक आईच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला. मागोमाग धाकटाही आला.

बाईंनी बाटली उजेडात धरली. "ना नाव, ना कंपनी. काय मिसळलंय देव जाणे! आजच बंद करा."

थोरलीनं भावाकडे पाहिलं. ऐकलंस?

"पण थांबा," बाई म्हणाल्या. "याच झाडापासून केलेलं, तपासलेलं औषध मिळतं. इथल्या कायद्यानं नशेला बंदी आहे, त्या औषधाला नाही. माझी चिठ्ठी आणि परवान्याचं दुकान हवं. रोग बरा होणार नाही, पण उलट्या कमी होतील कदाचित. मला विचारलं का नाही?"

"विचारणारच होतो," धाकटा म्हणाला. "मागच्या खेपेला 'गांजा' म्हणायला तोंड उघडलं, तर ताईनं टेबलाखालून पायावर पाय दिला."

थोरलीची मान खाली गेली. सरळ दार तिनंच लावलं होतं, म्हणून तो चोरवाटेनं गेला!

चिठ्ठीचं औषध तिनं स्वतः आणलं. "काय गं फौजदार, आता तूही सामील?" आई हसली. काही दिवसांनी आईनं मागून वाटीभर सूप घेतलं आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." थोरली मीठ आणायला म्हणून आत गेली, ती डोळे पुसूनच बाहेर आली.

आई पुढे फार दिवस राहिली नाही. पण राहिली तोवर मीठ कमीच म्हणत राहिली.

वाचकहो, बिननावाच्या बाटलीवर संशय जरूर घ्या. पण डॉक्टरांना विचारायला लाजू नका, कायदा काय म्हणतो तेही विचारा. आपल्या लाजेची किंमत अंथरुणावरचं माणूस मोजत असतं.