एका परवान्यावर दोन रिव्हॉल्व्हर

मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे, मित्रांनो, आणि वर नकलीही आहे. नकली म्हणजे जत्रेत मिळणारा टिकल्यांचा नव्हे हं! दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतले घोडेस्वार ज्या धाटणीचं हत्यार कमरेला लावत, त्याची मी हुबेहूब नक्कल. मला काडतूस चालत नाही. माझ्या चक्राच्या सहा घरांत काळी दारू भरायची, तिच्यावर शिशाची गोळी ठासायची आणि मागच्या सहा खुंटांवर तांब्याच्या इवल्याशा टोप्या बसवायच्या. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते आणि मग कानठळ्या बसतात. स्वभाव माझा तापट. वर्षानुवर्षं पडून राहिलो तरी तो काही निवला नाही.

माझा जन्म १९६९ साली इटलीतल्या डोंगरातल्या एका कारखान्यात झाला. तापलेलं पोलाद, घण आणि कानस, असं माझं बाळंतपण. तपासणीच्या दिवशी आमच्यात दुप्पट दारू भरून आम्हाला उडवलं. माझ्या शेजारचा भाऊ त्यात फुटला आणि त्याचा तुकडा तपासनिसाच्या कानाची पाळी घेऊन गेला. मी शाबूत राहिलो. आपल्यासारखे आपणच, असं मला तेव्हा वाटलं.

आयर्लंडच्या केरी परगण्यातल्या टिमी नावाच्या शेतकऱ्याने मला विकत घेतलं. टिमीचं त्याच्या भावाशी शेताच्या दगडी कुंपणावरून वाकडं होतं. बांधाचं भांडण, मित्रांनो, जगात कुठेही जा, सारखंच. एका सकाळी भावाने फावडं उचललं आणि टिमीने मला. दारू भरायला सवड नव्हती, म्हणून त्याने मला नळीकडून धरलं आणि माझ्या मुठीने भावाचं तोंड फोडलं. एकदा नाही, पाचदा. दात पडले, डावा डोळा गेला. मुठीच्या लाकडात रक्त मुरलं ते मुरलंच. खोटं कशाला बोलू? तेव्हा मला मजा वाटली होती.

१९७२ साली सरकारने देशातली पिस्तुलं जमा करून घेतली आणि मी तीसेक वर्षं पोलिसांच्या कोठारात पडलो. टिमी तोवर वारला. त्याच्या घरच्यांना मी नकोच होतो. शेवटी नेमबाजीच्या क्लबचा सेक्रेटरी डेक्लन मला घेऊन आला. त्याने मला गरम पाण्याने धुतलं, तेल दिलं, पण उडवलं क्वचितच. क्लबच्या पोलादी कपाटात मी ताटकळत राहिलो.

असा २०२० चा जुलै उजाडला आणि माझ्या आयुष्यात डॉक्टर उपेंद्र आला. मूळचा कोल्हापूरचा हा हाडांचा डॉक्टर केरीतल्याच ट्रली गावच्या इस्पितळात काम करायचा. मोडलेले हात जुळवण्यात त्याचा हातखंडा. पुढे हाताचाच सर्जन व्हायचं त्याने ठरवलं होतं आणि वर्षभराने त्याची शेवटची परीक्षा होती. करोनाने जीव मेटाकुटीला आला म्हणून तो विरंगुळ्यासाठी क्लबात येऊ लागला. सोबत त्याचे वडील पद्माकरराव, निवृत्त पी.टी.चे मास्तर, तालमीत वाढलेले. फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकले.

डेक्लनने टेबलावर दोन रिव्हॉल्व्हर मांडले. एक मी आणि दुसरा त्या २०२० सालातच बनलेला, माझ्यासारखीच नक्कल असलेला, कोरा करकरीत. त्याचं पितळ असं चमकत होतं की माझ्या अंगाची आग झाली. काल जन्मलेलं कार्टं!

"परवाना एकाच हत्याराचा मिळेल, डॉक," डेक्लन म्हणाला. "नव्याचा नेम सरळ आहे. जुन्याचा घोडा मात्र लोण्यासारखा चालतो. दोन्ही ग्रँड आहेत."

उपेंद्रने मला उचललं, घोडा ओढला आणि हसला. "आबा, हा बघा ना. बॅलन्स काय सॉलिड आहे!"

पद्माकररावांनी माझी मूठ अंगठ्याने चाचपली. तिथला काळा डाग त्यांना दिसला.

"नवा घे की रे, उपा," ते म्हणाले. "जुन्या हत्याराला आधीच्या मालकाचं पाप चिकटलेलं असतंय."

"पाप काय आबा, तुम्ही पण!"

त्याने मला निवडलं. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की काय सांगू! नवा मुकाट्याने खोक्यात गेला. म्हाताऱ्याने मला बरोबर ओळखलं होतं, हे मात्र टोचत राहिलं.

परवाना हाती आला सप्टेंबरात, आणि ऑक्टोबरात देश पुन्हा बंद. क्लबला कुलूप. मी उपेंद्रच्या घरच्या तिजोरीत न उडताच बसलो. तेवढ्यात दसरा आला. घरात शस्त्र आणि त्याची पूजा नाही, हे पद्माकररावांना कसं चालावं? त्यांनी पाटावर तांबडं फडकं अंथरलं, मला मधोमध ठेवलं, झेंडूऐवजी बागेतली पिवळी फुलं वाहिली. उपेंद्र दारात उभा होता, फोन कानाला. इस्पितळातून बोलावणं आलं होतं. म्हातारा मात्र घाईत नव्हता. त्याला माझं पाप धुवायचं होतं. त्याने तेलात कुंकू चांगलं दाट कालवलं आणि माझ्या मुठीला लावलं, नळीला लावलं, आणि मग एकेक करून सहाही खुंटांना भरघोस टिळे लावले.

"माझ्या पोराला सांभाळ रे बाबा," असं म्हणून त्याने पाटावर कपाळ टेकलं.

मित्रांनो, पन्नास वर्षांत मला घाबरलेली माणसं मी पाहिली, हपापलेलीही पाहिली. मला नमस्कार केला तो या एकाच माणसाने. माझ्यासारख्या रागीटाचं पोलादही त्या दिवशी विरघळलं. त्या टिळ्यांनी माझं काय होणार आहे हे मला कळत होतं, पण ते पुसावेत असं मला वाटलं नाही. हा माझा गुन्हा.

उपेंद्रने घाईघाईत मला वरवर पुसलं आणि कुलूप लावलं. पुढे हिवाळाभर तो इस्पितळातच राबत होता. मला कोणी धुतलं नाही. खुंटांवरचं कुंकू लाखेसारखं घट्ट बसलं.

२०२१ च्या मे महिन्यात क्लबची नेमबाजीची रेंज उघडली. उपेंद्रच्या परीक्षेला सहा आठवडे उरले होते. पद्माकरराव दोरीमागे मोबाईल उभा धरून शूटिंग घ्यायला तयार.

"आधी सहा टोप्या रिकाम्याच फोड, डॉक," डेक्लनने बजावलं. "खुंट साफ होतात."

पण टोप्यांचा तेव्हा सगळीकडे दुष्काळ. उपेंद्रकडे मोजून बारा होत्या. "एवढ्या वेस्ट कशाला करू? क्लीनच आहे," असं म्हणत त्याने दारू भरली, गोळ्या ठासल्या, टोप्या बसवल्या. टोप्या पुरत्या बसेनात. त्याने त्या अंगठ्याने दाबल्या आणि त्या बसल्यासारख्या दिसल्या.

पहिल्यांदा घोडा पडला आणि नुसतं 'फट्' झालं. टोपी फुटली, पण आत ठिणगी गेली नाही. अशा वेळी दारू उशिरा पेटेल म्हणून मिनिटभर नळी समोर धरून थांबायचं असतं. तो शहाण्यासारखा थांबला. मी काही हलका नाही. त्याचा हात भरून आला. दुसऱ्यांदा घोडा ओढताना त्याने डाव्या हाताने मला पुढून, चक्राच्याही पुढून, आधार दिला. तिथे हात कधी न्यायचा नसतो.

घोडा पडला. या वेळी ठिणगी आत गेली आणि सैल टोप्यांखालून शेजारच्या घरांतही शिरली. तीन घरं एकदम पेटली. एक गोळी नळीतून गेली. उरलेल्या दोन नळीच्या दोन्ही बाजूंनी सुटल्या आणि त्यांच्या वाटेत उपेंद्रचा डावा हात होता. तर्जनी तुटून उडाली. मधलं बोट कातड्याला लोंबत राहिलं. तळवा मनगटापर्यंत फाटला, पांढरं हाड दिसलं, आणि रक्ताची चिळकांडी टेबलावर, डेक्लनच्या मास्कवर, माझ्यावर उडाली.

उपेंद्र ओरडला नाही. तो पांढराफटक पडला, पण डॉक्टरसारखा बोलत राहिला. "डेक्लन, बेल्ट काढ. दंडाला बांध. अजून घट्ट! आबा, बोट शोधा. गवतात असेल."

पद्माकरराव गुडघ्यांवर आले. सत्तरीचा तो माणूस ओल्या गवतात दोन्ही हातांनी पोराचं बोट शोधत होता आणि बारक्या पोरासारखा रडत होता. त्यांना ते सापडलं. त्यांनी ते आपल्या रुमालात गुंडाळलं. पण चेचलेलं बोट कोण जोडणार? दोन्ही बोटं गेली. चार तास शस्त्रक्रिया चालली, आणि ज्याने इतक्यांचे हात जुळवले त्याचा स्वतःचा हात काही जुळला नाही.

मित्रांनो, आगीसाठीच माझा जन्म. पण त्या दिवशी मला मजा वाटली नाही.

तीन आठवड्यांनी डेक्लन मला घेऊन उपेंद्रच्या घरी आला. सगळे मागच्या अंगणात बसले. पद्माकरराव मटार सोलत होते. डेक्लनने माझं चक्र काढून उपेंद्रपुढे धरलं.

"डॉक, हे खुंटांवर तांबडं काय आहे? लाखेसारखं बसलंय. टोप्या बसल्याच नसणार याच्यामुळे."

उपेंद्रने पाहिलं. त्याला कळलं.

"काय म्हणतोय त्यो?" पद्माकररावांनी विचारलं. केरीचं इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जायचं.

"रस्ट," उपेंद्र डेक्लनला म्हणाला. "इट वॉज ओल्ड. दॅट्स ऑल."

डेक्लनने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्याकडे. "राइट," तो म्हणाला. "रस्ट."

त्याने चक्र परत माझ्यात बसवलं. मग उपेंद्र वडिलांकडे वळला. "गंज लागला होता म्हणतोय, आबा. जुनं हत्यार. तुमचं ऐकायला हवं होतं. नवा घेतला असता तर काही झालं नसतं."

पद्माकररावांच्या हातातलं पातेलं खाली पडलं. ते उठले, दारामागचा हातोडा घेतला आणि पायरीच्या दगडावर मला ठेचू लागले. "माझ्या लेकराचा हात खाल्लास!" एक घाव, दुसरा, तिसरा. घोडा तुटला, मूठ दुभंगली, नळी वाकली. कोणी त्यांना अडवलं नाही. जन्मभर मी प्रत्येक घावाला आगीने उत्तर दिलं. त्या दिवशी मला एकच धास्ती होती, की घावाने कुंकवाची खपली उडून त्यांच्या नजरेला पडेल. नाही पडली.

उद्या पोलीस मला भट्टीत टाकायला नेणार आहेत. जाण्याआधी एवढंच विनवतो, मित्रांनो. हत्यारापासून लांब राहा. आणि यंत्र असो, अवजार असो, ज्याच्यावर जीव आहे त्याला पुजायचं तर पुजा, पण दुसऱ्या दिवशी खसखसून धुवा. खरी निगा तीच असते. मी नवा असतो तरी ते टिळे घेऊन असाच फुटलो असतो.

पण ही गोष्ट तुमच्यापाशीच ठेवा. पद्माकरराव आता कोल्हापूरला परतले आहेत. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसतात आणि भेटेल त्याला एकच विचारतात, की नवा घेतला असता तर पोराचा हात वाचला असता, न्हवं? तुम्हाला विचारलं तर त्यांच्या डोळ्यांत बघून सांगा, "हो आजोबा, नक्की वाचला असता."