नऊ दिवसांचं मागणं

कमलच्या दारात पांढरी मोटार थांबली तेव्हा सरदारपुरातल्या त्या गल्लीला नवलच वाटलं. या बाईकडे कोण येणार? आले तर पाद्रीसाहेब, तेही सायकलवरून. एका पोरानं ड्रायव्हरला विचारलंसुद्धा, "भिया, पता तो सही है ना?"

पत्ता बरोबर होता. उतरले ते थोरले भाऊ, कृष्णराव. कमलनं तरुणपणी बाप्तिस्मा घेतला आणि देवासचं घर तुटलं. लग्न केलं नाही, सारी उमर मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली. गेल्या दिवाळीनंतर जयावहिनी वारल्या, हेही तिला परस्परच कळलं. एकटीनंच रडून घेतलं तिनं.

"कमल, घरी चल," चहाला हात न लावता कृष्णराव म्हणाले. "पोरगा अर्पित बंगलोरला, सून येत नाही. घर खायला उठतं गं."

खोटं कशाला सांगू, बाई मोहात पडली. या एका वाक्यासाठी तिनं जन्मभर वाट पाहिली होती. समोरासमोर बसून दोघांनी जेवायचं, एवढंच तर सुख! मनातल्या मनात तिनं पेटीसुद्धा भरली.

मग त्यांनी खरं काढलं. नवरात्र तोंडावर आलं होतं. त्यांच्या घराण्यात घटाचे गहू घरच्या बाईनंच पेरायचे, नऊ दिवस दिवाही तिनंच राखायचा. जया गेली, आता घरात बाई नाही.

"नऊ दिवस देवीजवळ बैस. बाकी सालभर तुझ्या गिरजाघरात जा, मी स्वतः सोडीन. लोकांचं मी बघून घेतो."

किती खाली उतरला होता माणूस! तेही असल्या हट्टी घराण्यातला.

"दादा, नाही जमायचं."

"कोणासाठी एवढं? तो कोण होता, हे आम्ही कधी विचारलं नाही. आता तर तोही नसेल."

कमल बघतच राहिली. म्हणजे इतकी वर्षं घरात हेच धरून चालले होते! कुण्या पुरुषाच्या नादानं पोरगी बाटली म्हणे. कपाळ माझं!

"कोणी नव्हता, दादा. येशूला शब्द दिलाय मी. त्यात सुट्टीचे दिवस नाहीत."

"मग माझं काय गं?"

"तुम्हीच इथं राहा, मी करून घालीन," ती म्हणाली. पण देव उपाशी ठेवून ते कुठले राहतात! मोटार गेली. चहा तसाच गार झाला होता.

घटस्थापनेच्या सकाळी फोन वाजला. कृष्णराव स्वतःच घटाला बसले होते.

"गहू पेरतोय. तू बोलू नकोस हवं तर, पण फोन ठेवू नकोस."

तिनं ठेवला नाही. पलीकडे भांड्यांचा आवाज, मग म्हाताऱ्याची एकट्याची आरती, दम लागून मध्येच थांबणारी. पुढची ओळ तिला पाठ होती. ओठ घट्ट मिटून, डोळे पुसत, ती मनात भावासाठी प्रभूजवळ प्रार्थना करत राहिली.

"आहेस ना?"

"आहे, दादा."

"येतेस?"

हो म्हणायला तिचा जीव नुसता तुटत होता.

"नाही."

पलीकडे आरतीचं तबक खाली ठेवल्याचा आवाज आला.

"उद्या पुन्हा विचारीन," कृष्णराव म्हणाले.

"विचारा, दादा. रोज विचारा."