दैवशालाच्या पोटातली पिशवी

मी दैवशालाच्या पोटातली पिशवी बोलतेय. अंड्याएवढी. सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या जठराचा वरचा तुकडा वेगळा करून थेट आतड्याला जोडला. तोच माझा जन्म.

दैवशाला पिंपळगाव रेणुकाईची लेक, वडीगोद्रीला ग्रामसेविका. तेव्हा वजन एकशेअठरा किलो, साखर चढलेली. चार घास पोटात गेले की मी तट्ट भरायचे आणि ती ताट सरकवायची. चाळीस किलो उतरले, साखरेच्या गोळ्या सुटल्या.

चौथ्या वर्षापासून मात्र माझं आतड्याकडचं तोंड सैल होत गेलं. घास माझ्यात थांबेचना. बावीस किलो परत आले, मागोमाग साखरही. दैवशाला शरमेनं तपासणीलाच जाईना.

मग पुतणीच्या साखरपुड्यात जाऊबाई सगुणाबाई भर पंगतीत म्हणाल्या, "पोट कापून आली, तरी जिभेला लगाम न्हाई!"

दैवशालानं हातातली पुरी खाली ठेवली नाही. "जाऊबाई, तुमचा नंबर वाढला तवा तुम्ही चष्मा बदलला. मी आता इलाज बदलणार. बराबर हाय का न्हाई?"

आणि तिनं पुरीचा घास मोडला.

आठवड्यानं घशातून दुर्बीण उतरली आणि मला पहिल्यांदा कुणीतरी आतून पाहिलं. "हा खादाडपणा नाही, जोड रुंद झालाय," डॉक्टर म्हणाले. "तोंडातूनच दुर्बिणीनं टाके घालून तो आवळता येईल. पिशवीभोवती कडं बसवता येईल. किंवा आतड्याची जोडणी आणखी खाली नेता येईल. त्यानं वजन जास्त उतरतं, पण अन्न अंगी कमी लागतं, अशक्तपणाचा धोका राहतो."

नवरा रामकिसन कुजबुजला, "एकदा झालं ना? राहू दे आता."

"एकदा झालं म्हणून तर भ्या न्हाई," ती म्हणाली. "डॉक्टर, टाके घाला."

त्याला आता अकरा महिने झाले. तेरा किलो उतरलेत, बावीस नाही. साखरेची गोळी निम्मी झाली. मी पुन्हा सैल होईन? होईनही. खोटं कशाला बोलू?

परवा रेणुकेच्या देवळापुढे धावडा गावची तृप्ती, तिच्यासारखंच ऑपरेशन झालेली, तिच्या कानाशी लागली. "ताई, माझंबी वजन परत आलं. कुणाला सांगू नका."

ओट्यावर बायका बसल्या होत्या. दैवशाला खणखणीत आवाजात बोलली, "माझं दोनदा झालंय, तृप्ती! लाव फोन डॉक्टरला. इथंच लाव."

तृप्तीनं आधी बायकांकडे पाहिलं, मग फोन लावला.

बायांनो, बोल लावायचाच असेल तर मला लावा. मी सैल झाले होते. ती नाही.