भिशीतली खाकी कादंबरी

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास रुचितानं पलंगावर आठ पुस्तकं ओळीनं मांडली आणि नवव्याची जागा मोकळी सोडली. जागा ठेवली तर ते येईल, असं काहीसं तिच्या मनात असावं. नऊ महिन्यांची रेवा पलंगाची कड धरून उभी राहिली आणि तिनं नेमकी त्याच मोकळ्या जागी थाप मारली.

"हो गं बाई. तिथलंच नाहीये," रुचिता म्हणाली.

चारला भिशी होती. डहाणूतल्या नऊ बायकांची ही भिशी पैशांची नव्हती, पुस्तकांची होती. प्रत्येकीनं आपलं सगळ्यात आवडतं पुस्तक आणायचं, नवांची थप्पी करायची आणि स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिनं अख्खी थप्पी महिनाभर घरी न्यायची. पुढच्या महिन्यात ती परत आणायची आणि कोणत्या पुस्तकानं आपली झोप उडवली ते सगळ्यांना सांगायचं. नियम फार नव्हते, पण एक कडक होता. थप्पी जिच्या घरी गेली, तिच्या उंबऱ्याबाहेर पुस्तक जाणार नाही. मागच्या फेरीत एकीनं एक पुस्तक भावाला म्हणून सुरतेला पाठवलं. ते परत आलं नाही आणि पुढच्या महिन्यापासून ती बाईही आली नाही. तिला कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं. बोलावलंही नव्हतं.

तिचा नवरा दर्शन रेल्वेच्या सिग्नल खात्यात. त्याची बदली डहाणूला झाली तेव्हा रुचिताला सहावा महिना होता आणि गावात ओळखीचं कुणी कुत्रंसुद्धा नव्हतं. भिशीत येऊन तिला पाचच महिने झाले होते. पण महिन्यातल्या त्या एका शनिवारी, चार ते सहा, तिला कोणी 'रेवाची आई' म्हणत नसे. तिथं ती रुचिता होती, जिला भुताच्या गोष्टी आवडतात आणि जी कवितांच्या पुस्तकाला घाबरते. ते दोन तास गेले तर काय, इथपर्यंत तिचं मन यायचं आणि कढईतल्या फोडणीसारखं तडतडून मागं फिरायचं.

मागच्या महिन्यात चिठ्ठी तिची निघाली होती. थप्पीत आता कमी असलेलं पुस्तक वसुमतीबाईंचं होतं. वसुमतीबाई कोसबाडकडच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या. भिशी त्यांच्याच पारनाक्यावरच्या घरी भरायची. पुस्तक म्हणजे दोन बहिणींची एक जुनी कादंबरी. मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, वर खाकी पुठ्ठ्याची बांधणी, म्हणून सगळ्या तिला 'खाकी'च म्हणायच्या. समासात बाईंनी तरुणपणी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. 'खोटं बोलतेय ही.' 'मी असते तर दार उघडलं नसतं.' थप्पीत ठेवताना त्या म्हणाल्या होत्या, "सांभाळून गं. कादंबरी दुसरी मिळेल एखादे वेळी. ही मिळायची नाही."

रुचितानं ती चार दिवसांत संपवली. रेवाला पाजताना एका हातात पुस्तक, पान उलटायला हनुवटी. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, दोनदा डाळीचा लगदा झाला. शेवटची तीस पानं तिनं न्हाणीघरात कडी लावून वाचली. बाहेर दर्शनला वाटावं आंघोळ चाललीय, म्हणून नळ सोडून. त्या दिवशी तिला घरात बसवेना. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. दर्शनला सांगून काय, तो "मग सापडली का बहीण?" एवढं विचारून मोकळा झाला असता. नेमकी त्याच दुपारी कविता आली.

कविता तिची होस्टेलची मैत्रीण, तलासरीला एका दाखल्यांच्या सेवा केंद्रात कामाला. पुस्तक एकच असलं की त्याचे दोन भाग उसवून एकीनं पुढचा, एकीनं मागचा वाचायचा, असे दोघींनी दिवस काढलेले. बाळ बघायला म्हणून ती आली आणि ओट्याशी उभ्यानं खाकीची दहा पानं वाचली. तिचा चहा गार झाला.

"ने," रुचिता म्हणाली. स्वतःच म्हणाली, स्वतःच तिच्या पिशवीत कोंबली. "पण चार दिवसांत हं."

त्याला आज एकोणीस दिवस झाले होते. कविता आधी "दोन दिवस दे" म्हणाली, मग "सोमवारी येतेच", आणि काल तर तिनं दिवसभर फोन उचलला नाही.

आज उचलला.

"रुचे, रागावू नकोस."

"कुठंय?"

"माझ्याकडं नाही."

"कव्या."

"झाईला आहे." कवितानं घाईघाईनं पुढचं सांगून टाकलं. "अगं, संगिता म्हणून एक मुलगी दाखल्याला आली होती. लाइट गेलेली. दोन तास बसून होती बिचारी, आणि वड्याचा कागद उलटासुलटा करून वाचत होती, तेल लागलेला. मला बघवेना. म्हटलं, लाइट येईपर्यंत हे वाच. लाइट आली, दाखला झाला, तरी उठेना. मग म्हटलं, ने."

"ने म्हटलीस."

"तू नाही म्हटलंस?"

रुचितानं रेवाची बाटली, दोन लंगोट आणि एक टोपी पिशवीत भरली. कवितानं अर्धी सुट्टी टाकली. ती स्कूटीनं झाईच्या नाक्यावर येणार होती.

स्टेशनजवळ बोर्डीची शेअर रिक्षा भरायला पाऊण तास लागला. रिक्षावाल्याला एक माणूस कमी होता आणि तो त्या एका माणसासाठी अख्ख्या डहाणूकडं आशेनं बघत होता. "मी दोन सीटचे देते, चला," रुचिता म्हणाली, तेव्हा कुठं तो हलला. वाटेत रेवा रडायला लागली. रुचितानं ओढणीआड घेतलं तर पिईना, खाली घेतलं तर थांबेना. शेजारची बाई म्हणाली, "बेन, एने पाणी आपो." पाणी दिलं. तेवढ्यात फोनवर भिशीच्या ग्रुपवर सुषमाचा मेसेज पडला. सुषमा शाळेत शिक्षिका, या फेरीत फक्त तिचंच नाव निघायचं राहिलेलं. तिनं लिहिलं होतं, 'आज डबा हलवायचं कारणच नाही, शेवटची चिठ्ठी माझी. मोठी पिशवी आणतेय. आधी खाकी.' खाली सात जणींचे अंगठे.

रुचितानं अंगठा दिला नाही. मग न दिलेला दिसेल म्हणून दिला.

बोर्डीला रिक्षा बदलून झाईला पोचेपर्यंत दीड वाजून गेला होता. कविता स्कूटी लावून उभी होती. रुचिताचं तोंड बघून तिनं हेल्मेट काढलंच नाही.

"शिव्या घरी दे. बस मागं."

मधे रेवा, मागे रुचिता, पुढं कविता, अशा तिघी चिकूच्या वाड्यांमधून पाड्याकडं निघाल्या. रुचितानं काय बोलायचं ते वाटेत दोनदा जुळवलं. पुस्तक माझं नाही. मला आत्ता हवंय. माफ कर. एवढंच. अडीचला निघालं तर घरची आठ उचलून चारला पारनाका गाठता येत होता.

संगिताचं घर पाड्याच्या टोकाला. अंगणात आंब्याच्या सावलीत खाट, खाटेवर तिची सासू बुधीबाई, आणि खाली गोणपाटावर संगिता. सकाळी वाडीत चिकू निवडून आलेली, पदराला अजून चीक. ती वाचत होती, मोठ्यानं. एक वाक्य पुस्तकातलं, मग तेच घरच्या बोलीत, सासूसाठी. वाक्यामागून वाक्य, बैलगाडी चढाला लागल्यासारखं.

कविताला बघून ती थांबली आणि उभी राहिली. बुधीबाईला वाचन थांबलेलं आवडलं नाही.

"ही कोण?" तिनं रुचिताकडं हनुवटी केली.

"पुस्तक हिच्याकडचं आहे, आजी," कविता म्हणाली.

बुधीबाईनं रुचिताला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग ती शेजारीण ही?"

"कोण शेजारीण?"

संगिता ओशाळली. "मला वाटलं ताई, बाजूचं पण वाचायचं असतं. पेन्सिलीचं. मी सगळं वाचत गेले. आईला वाटतं दोन बहिणींच्या घराला लागून एक बाई राहते. तीच एकटी खरं बोलते म्हणते."

"खरंच बोलते," बुधीबाई म्हणाली. "थोरली रडत आली, सगळे फसले. ती नाही फसली. पण आता चार दिवस बोलतच नाही. मेली काय ती?"

कविता हसली. रुचितालाही हसू आलं असतं, पण तिनं पुस्तकात पाहिलं. खूण म्हणून घातलेलं चिकूचं पान शेवटून तिसाव्या पानावर होतं. त्याच्या काही पानं आधीपासून शेवटपर्यंत समास कोरा होता, हे तिला आठवलं. मग तिनं घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा. तीस पानं, या चालीनं, संध्याकाळ होईपर्यंत.

"संगिता, मला पुस्तक आत्ता न्यावं लागेल," ती म्हणाली. जुळवलेलं सगळं विसरून नुसतं हेच तोंडातून आलं. संगिताचं तोंड उतरलं तशी ती घाईनं म्हणाली, "शेवट मी सांगते ना. पाच मिनिटांत. बघ, धाकटी जत्रेला जाते, आणि तिथं—"

संगितानं पुस्तक मिटलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं.

"घेऊन जा ताई. पण सांगू नका."

"अगं, मग तुला कळणार कसं?"

"नाही कळलं तर नाही. मिळेल कुठं ना कुठं. वर्षानं मिळेल. तोवर चालत राहील ती धाकटी माझी."

रुचितानं पुस्तक घेतलं. इतकी सोपी गोष्ट. पिशवीत टाकायचं, स्कूटीवर बसायचं, चारला थप्पी पुरी. रेवानं खाकी पुठ्ठ्याचा कोपरा तोंडात घालायला हात लांबवला आणि ती तशीच उभी राहिली. त्या दिवशी न्हाणीघरातली बादली भरून वाहत होती, दर्शन दार वाजवत होता, आणि ती "झालंच, झालंच" म्हणत पुढचं पान उलटत होती. त्या वेळी तिच्या हातातून कोणी हे पुस्तक काढून घेतलं असतं तर तिनं असं दोन्ही हातांनी दिलं नसतं. चावली असती.

तिनं पुस्तक खाटेवर ठेवलं आणि वसुमतीबाईंना फोन लावला.

"बाई, रुचिता. मी झाईला आहे. खाकी इथं आहे. मी ती घराबाहेर दिली होती, मैत्रिणीला. तिनं पुढं दिली."

पलीकडं कपबश्या मांडल्याचा आवाज चालला होता, तो थांबला.

"म्हणजे तीन घरं फिरली."

"हो."

"आणि हे तू मला आज सांगतेस. दोन वाजता."

"हो, बाई." आता थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही, म्हणून तिनं तसंच रेटलं. "आणि ती चारपर्यंत येणार नाही. मीही नाही, बाकीची आठ माझ्या घरी राहिलीत. इथं संगिता आहे, ती सासूला वाचून दाखवते. तीस पानं राहिलीत. मोठ्यानं वाचते सगळं. समासातलंही."

"समासातलंही?" वसुमतीबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "ते मी कुणाला ऐकवायला नव्हतं लिहिलं."

"त्यांना तुम्ही कादंबरीतली शेजारीण वाटता. तुमचं सगळं पटतं त्यांना. विचारतायत, शेजारीण शेवटी गप्प का झाली."

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"त्यांना सांग," वसुमतीबाई म्हणाल्या, "तिथं मला काही सुचलं नाही. नुसती वाचत गेले." मग घसा साफ करून, शाळेतल्या आवाजात, "आणि तू ऐक. नियम तो नियम. पुढच्या फेरीत तुझी चिठ्ठी डब्यात पडणार नाही."

"हो."

"नऊ महिने."

"हो, बाई."

"सुषमाला मी सांगते. तिची बोलणी मात्र तूच खायची. शनिवारी बसायला येत जा. खाकीसकट सगळी थप्पी उद्या जेवणाआधी मला पाहिजे." बाईंनी फोन ठेवला.

नऊ महिने थप्पी नाही. रेवाचा आजवरचा सगळा जन्म एवढाच होता. पण सकाळपासून रुचिताच्या छातीत जे रांगत होतं ते कुठंतरी बसलं होतं. तिनं शेजारणीचा निरोप सांगितला. संगितानं तो बोलीत सांगितला. बुधीबाईनं जरा विचार केला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "कधी कधी असं होतं." आणि खाटेवर सरकून जागा केली. "पोरीला दे इकडं. तू बस. वाच गं."

रेवा परक्या मांडीवर दोन क्षण कुरकुरली आणि बुधीबाईच्या हातातल्या बांगड्यांत गुंतली. संगितानं चिकूचं पान बाजूला काढलं. पुन्हा गाडी चढाला लागली, एक वाक्य पुस्तकातलं, एक घरातलं. मधेच संगिता शब्दासाठी अडायची, मग बुधीबाईच एखादा सुचवायची आणि तो पुस्तकातल्यापेक्षा बरा असायचा. चार वाजले ते रुचिताला फोनच्या थरथरीवरून कळलं. तिनं तो पिशवीत खाली दाबून ठेवला.

जत्रा आली तेव्हा ऊन आंब्याच्या बुंध्यावर उतरलं होतं. रेवा झोपली होती. तिच्या पाठीवर थोपटणारा बुधीबाईचा हात हळू झाला, मग थांबला. कविता वाकून रुचिताच्या कानाशी आली.

"रुचे, बोर्डीहून शेवटची रिक्षा—"

"गप," बुधीबाई म्हणाली.

संगितानं पान उलटलं. रुचिताला पुढचं वाक्य जवळजवळ पाठ होतं. ती बुधीबाईच्या तोंडाकडं बघत बसली.