सुळ्याच्या पलीकडे

सर्जननी प्लास्टिकच्या जबड्यावर लाल पेन्सिलीने रेघ ओढली. ती दाढांच्या मागून निघाली आणि सुळ्याच्या अलीकडे थांबली.

"इथून इथपर्यंतचं हाड काढायचं. त्या जागी तुमच्या पायातलं, नडगीशेजारचं बारीक हाड बसवायचं."

"म्हणजे बोलता बोलता कुणाला तरी लाथ बसायची," पेशंट म्हणाला.

तो पोहायला शिकवायचा. तलावाच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जाईल असं बोलायची त्याला सवय होती. केमोच्या तीन फेऱ्यांनंतर आवाज टेबल ओलांडेपर्यंत दमत होता. खालचा ओठ बधिर असल्यामुळे कोपऱ्यातून लाळ ओघळे आणि त्याला ते कळत नसे. शेजारी बसलेली थोरली बहीण रुमाल पुढे करी.

सर्जन हसले नाहीत. "कापलेल्या कडेला एकही रोगट पेशी उरली नाही, तर पाच वर्षांनी दहातले सहाजण हयात असतात. उरली, तर दोन-तीन. म्हणून रेघ कुठे थांबवायची, ते महत्त्वाचं. अडचण पुढच्या भागाची आहे. तुमच्या दातांवर धातूच्या टोप्या आहेत, त्यामुळे स्कॅनमध्ये तिथलं काहीच धड दिसत नाही. दुखणं सुरू झालं तेव्हाचा एखादा एक्स-रे आहे?"

"नाही," तो लगेच म्हणाला. "कुणाला दाखवलंच नव्हतं."

बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. तो समोरच्या जबड्याकडे बघत होता.

आठ महिन्यांपूर्वी तो तिच्याच दातांच्या दवाखान्यात, तिच्याच खुर्चीत आडवा झाला होता. सुळ्यामागची दाढ हलत होती. तिने एक्स-रेची फिल्म काढली, हिरडीचा आजार समजून दाढ उपटली. ओठ बधिर वाटतोय म्हणाला, तेव्हा भुलीच्या सुईने नस दुखावली असेल, महिन्याभरात जाग येईल, असं सांगितलं. पुढचे तीन महिने तेच सांगत राहिली.

तिने पर्स उघडली. निदान झाल्यापासून त्या फिल्मचं पाकीट तिथेच होतं.

"ताई, राहू दे ना," तो हळूच म्हणाला. "काय फरक पडणारे आता?"

"गप्प बस."

सर्जननी फिल्म दिव्यासमोर धरली. दाताच्या मुळाभोवती केसाएवढी काळी रेषा असते. दाढेभोवती ती दुप्पट रुंद होती. सुळ्याभोवतीही.

"कुणी काढला हा?"

"मी."

"आठ महिने झालेत याला."

"हो. रुंदी मला दिसली होती. हलणाऱ्या दाताभोवती होते तशीच असणार, असं धरून चालले."

सर्जननी फिल्म खाली ठेवली. त्यांनी रेघ खोडरबराने पुसली, बोटाने भुगा झटकला. नवी रेघ सुळा ओलांडून गेली आणि हनुवटीच्या मध्याच्याही पलीकडे जाऊन थांबली.

"हनुवटी जाणार?" त्याने विचारलं.

"जाणार. पहिल्या रेघेवर कापलं असतं, तर रोग आतच राहिला असता."

"आणि ते सहाजण?"

"कडा स्वच्छ मिळेल असं वाटतं. पण पसारा मोठा आहे. सहा म्हणणार नाही मी आता."

मग किती, ते त्याने विचारलं नाही. संमतीपत्रावर सही केली आणि कागद बहिणीकडे सरकवला.

"साक्षीदार तू."

"तुझ्या बायकोला बोलावते. बाहेरच बसलीय."

"तिला हे सगळं पुन्हा ऐकवायचंय? तूच कर."

तिने नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहिलं. त्याखाली व्यवसायाचा रकाना होता. तिथे पेन टेकलं आणि तसंच राहिलं. टोकाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"लिही ना," तो म्हणाला. "अजून आहेस."