भिंतीवर आलेले भावोजी

जिन्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत माणसं रांगेत उभी होती आणि प्रत्येकाला ताईच्या खोलीतली भिंत बघायची होती. महिन्यापूर्वी वारलेले माझे भावोजी त्या भिंतीवर काळ्या सावलीच्या रूपात परतले होते म्हणे.

"आधी डोकं आलं, मग खांदे!" मंत्रतंत्र करणारे एक बाबा घोगऱ्या आवाजात सांगत होते. "चाळीस दिवसांत पुरता येईल. खिडकी सताड उघडी ठेवा, नाहीतर तो येणार कुठून? आणि बायकोनं खोली सोडायची नाही. सोडली, तर तो कायमचा गेला!"

हयातीत भावोजी कधी वेळेवर घरी आले नाहीत, आता तर तुकड्यातुकड्यानं येत होते.

खिडकीखाली चौक. सिग्नलला थांबलेले ट्रक दिवसभर धूर ओकायचे. ताईला दमा. शिलाई मशीनवर अर्धा शिवलेला झगा तसाच टाकून ती भिंतीसमोर बसली होती, हातात दम्याचा पंप. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मला इथून बाहेर काढ गं. श्वास पुरत नाही. पण आईंना दुखवू नकोस, पोटचा मुलगा गेलाय त्यांचा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बाबांनी भिंतीला काय लावलं होतं?"

"मंतरलेलं पाणी. हातानं फासलं. पण ते वाळलंच नाही बघ."

मी बोट लावलं. बुळबुळीत! आणि बोटावर आलेला काळा रंग माझ्या रोजच्या ओळखीचा. माझी नोकरी हवा तपासायची. सकाळी यंत्रात कोरा पांढरा फिल्टर लावायचा, दुसऱ्या दिवशी काळा झालेला काढायचा आणि त्यावर काय काय बसलंय ते शोधायचं.

ताईच्या सोबतीला म्हणून मी आठ दिवस राहिले. पहिल्याच दुपारी तिच्या सासूबाई जरा लवंडल्या, तेव्हा स्वयंपाकाच्या तेलात बोट बुडवून मी समोरच्या भिंतीवर दोन शब्द लिहिले.

आठव्या दिवशी माणसं आत आली आणि जागच्या जागी थिजली. काळी अक्षरं उमटली होती: 'खिडकी लावा.'

"माझ्या लेकाचं अक्षर!" सासूबाईंनी रडत धावत जाऊन खिडकी लावली.

बाबा क्षणभर गडबडले, पण गडी पक्का. "आज्ञा झाली! मात्र सुनेनं खोली सोडायची नाही."

खिडकी लागली होती. गप्प बसावं, असा मोह मला झाला, खोटं कशाला सांगू? पण ताईच उठली.

"आई, ते माझ्या बहिणीचं अक्षर आहे. तेलानं लिहिलंय."

मी बाबांची मंतरलेल्या पाण्याची बाटली उचलून कागदावर ओतली. तेलकट डाग पडला. मग भिंतीवरच्या भावोजींचा एक हात दुसऱ्या कागदानं पुसून काढला आणि त्या कागदाखालून माझ्या कामाच्या पिशवीतलं लोहचुंबक फिरवलं. त्यातले काही कण सरकले.

"हे लोखंड गाड्यांच्या ब्रेकचं," मी म्हणाले. "काजळी डिझेलची, माती रस्त्याची. शिवाय धुरातल्या वायूंपासून हवेतच तयार झालेले गंधकाचे नि नायट्रोजनचे क्षार, ते तर डोळ्यांना दिसतही नाहीत. बाबांनी तेलानं माणूस काढला. रंग चौकानं भरला."

बाबा दाराकडे सरकले, पण जिना माणसांनी गच्च भरलेला. कोणी वाट देईना.

"म्हणजे हा... नव्हताच?" सासूबाईंनी विचारलं.

"नव्हता, काकू."

त्या बराच वेळ रडल्या. मलाही रडू आवरेना. मग डोळे पुसून त्यांनी स्वतः ताईच्या चपला दाराशी ठेवल्या. "जा बाई. मोकळा श्वास घेऊन ये."

आम्ही खाली आलो. तोच चौक, तेच ट्रक. ताईनं हौसेनं छाती भरून श्वास घेतला आणि खोकत सुटली.

भिंत दुसऱ्या दिवशी आम्ही साबणानं धुतली. छाती कशी धुणार? म्हणून हात जोडून सांगते, चमत्कार दिसला की आधी त्याला बोट लावून बघा. आणि बोट काळं झालं, तर बाबाला हाकलून घरी बसू नका. ते काळं आलं कुठून, हेही विचारा.