माउलीच्या तेलाचा गुण

माउलीची मूर्ती चर्चच्या पायऱ्या उतरू लागली आणि चौकभर दाटलेल्या बायकांनी एकदम हात वर केले. प्रत्येकीच्या हातात एक टोपडं होतं. कुणाचं लोकरीचं, कुणाचं सुती, कुणाचं लेस लावलेलं, सगळी रिकामी. माउलीच्या झग्याला टोपडं टेकवलं की वर्षाच्या आत ते भरतं, अशी या सणाची ख्याती होती. बँड वाजत होता, मेणबत्त्यांचा धूर डोळ्यांत जात होता, आणि मागची पुढचीला इतकी रेटत होती की मूर्ती वाहणाऱ्या एका गड्याच्याच डोक्यावर चार टोपडी टेकली. वर्षभरात त्या बिचाऱ्याचं काय झालं, कळलं नाही.

किल्लीवाल्याची बायको सासूबाईंचा हात धरून त्या रेट्यात उभी होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांची पाठ्यपुस्तकं शिवायची, पाठीला खळ लावायची आणि घरी यायची. मूल हवं, एवढं एकच मागणं तिच्या मनात उरलं होतं. ते इतकं वाढलं होतं की कुणी दगड उकळून प्यायला सांगितला असता तरी तिनं पातेलं चढवलं असतं.

मूर्तीला टोपडं टेकवून झालं की खरी रांग लागायची ती फाटकाबाहेर, मूल होण्याचं तेल विकणाऱ्या तेलमावशीपाशी. फादरांनी तिला आत बसू दिलं नव्हतं. या तेलाचा चर्चशी काही संबंध नाही, असं ते प्रवचनात एकदा बोललेही होते. पण इतक्या हळू, की पहिल्या बाकापलीकडे गेलं नाही. भरलेलं चर्च कुणाला नको असतं?

"ये गं लेकरा," तेलमावशीनं तिचा हात हातात घेतला. मावशीचा हात मऊ आणि गार होता. "हे तेल मी करत नाही हं. माउली करते, मी नुसती बाटली धरते. रोज प्रार्थना झाली की दोन चमचे. एक दिवस चुकवायचा नाही. पाळी थांबली की समजायचं, पाहुणा आला."

"आणि मग डॉक्टरला दाखवायचं ना?"

मावशीचं हसू तसंच राहिलं, पण पकड घट्ट झाली. "त्या संशयी थोमानं काय केलं ठाऊक आहे ना? प्रभूच्या जखमेत बोट घालून बघितलं! तू तुझ्या पोटातल्याला बोट लावून बघणार? डॉक्टर नको, यंत्र नको, ती लघवीची पट्टी तर घरात आणायची नाही. संशय घेतला, की माउली दिलेलं परत नेते."

सासूबाईंनी घाईघाईनं क्रूसाची खूण केली.  सुनेनं बाटली पदराखाली धरली.

आणि तेलाचा गुण आला! पुढच्या महिन्यात पाळी चुकली. मग सकाळी मळमळू लागलं, छाती भरून आली, कारखान्यातल्या खळीचा वास सोसेना. नवऱ्यानं दुकानातून लवकर येऊन भांडी घासायला सुरुवात केली, हा दुसरा चमत्कार. सासूबाई स्वेटर विणायला बसल्या. घर इतकं हळू बोलू लागलं की जणू बाळ आतल्या खोलीत निजलंय.

फक्त बाटली फार लवकर संपायची. हे अपशकुनी वाटून शेवटी पाचव्या महिन्यात तिनं मावशीला भीत भीत विचारलं.

"बाळच पितंय गं! खादाड निघणार," मावशी म्हणाली आणि आणखी एक बाटली पुढं केली. ती मात्र सुनेनं जपून आपल्या कपाटात ठेवली आणि किल्ली गळ्यात अडकवली. पोटातलं बाळ कपाटातून थोडंच पिणार होतं! पण भीतीला हिशेब नसतो.

पाचवा महिना सरला तरी पोटात काही हललं नव्हतं. मावशीनं पोटाला कान लावला. "ठोके कसे खणखणीत आहेत! शांत लेकरू आहे." मग तिला घराच्या मागं नेलं. कुंपणाच्या भिंतीलगत लाकडाचे छोटे क्रूस ओळीनं रोवलेले होते, वीतभर उंचीचे.

"हे कुणाचे?" ती म्हणाली.

"परत नेलेल्या लेकरांचे. यांच्या आयांनी संशय घेतला. तू नाही ना घेतलास?"

"नाही मावशी. शपथ."

"मग सातव्या महिन्यात माझ्याकडे राहायला ये. एकटीच. नवऱ्याला आणू नकोस."

त्या क्रूसांखाली काय पुरलंय, हे तिनं विचारलं नाही. कुणीच विचारत नसे. ती घरी परतली.

दारात सासूबाई उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. "अगं, कुणाला सांगू नकोस," त्या कुजबुजल्या, "मला रक्त जातंय. कालपासून. या वयात!"

आता या वयात रक्त जाणं म्हणजे काय असू शकतं, हे दोघींनाही ऐकून माहीत होतं. शेजारची एक बाई अशीच सुरुवात होऊन कॅन्सरनं गेली होती. सुनेनं स्वतःला डॉक्टर वर्ज्य केला होता, पण सासूबाईंना तर कुणी मनाई केली नव्हती. तिनं त्यांना तडक दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई कोरड्या स्वभावाच्या होत्या. तपासून त्यांनी विचारलं, "आजी, कुठली औषधं घेता?"

"काही नाही हो."

"काही म्हणजे काहीच नाही? गोळी, काढा, चूर्ण?"

सासूबाईंनी सुनेकडे चोरट्या नजरेनं पाहिलं. "देवाचं तेल औषधात धरतात का?"

"आई!"

"अगं, गुडघे दुखत होते माझे! पवित्र वस्तू, म्हटलं गुडघ्यांनाही लागू पडेल. रोज तुझ्या बाटलीतले दोन-तीन चमचे घ्यायची. आता गेल्या आठवड्यात तू कपाटाला कुलूप लावलंस, तेव्हापासून बंद आहे."

बाटली लवकर का संपायची ते कळलं. एरवी दोघी हसल्या असत्या. डॉक्टरीणबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. "तेल घेत होतात तेव्हा काय काय व्हायचं?"

"काय सांगू! सकाळी मळमळायचं. छाती जड. कसला वास सोसायचा नाही."

"आणि सुनेला?"

"तिला तर दिवसच गेलेत."

"म्हणजे सुनेला जे झालं, तेच तुम्हाला झालं. आजी, वय काय तुमचं?"

"सत्तरीला आले. आणि हे जाऊन बारा वर्षं झाली, काहीतरीच काय विचारता!"

खोलीत कुणी हसलं नाही. सुनेचा हात आपोआप पोटावर गेला. तिला समजलं होतं, आणि समजायला नको होतं. संशय घेऊ नकोस, असं मावशी कानात म्हणत होती. समोर विधवा म्हातारी बसली होती, डोहाळे लागलेली.

"मला बघा," ती म्हणाली.

यंत्राच्या पडद्यावर राखाडी सावल्या होत्या. बाळ नव्हतं. गेलेलं नव्हतं, परत नेलेलं नव्हतं. कधी आलेलंच नव्हतं. ती त्या पलंगावर पडून मोठ्यानं रडली, आणि सासूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. नसलेल्या बाळाचं दुःखही बाळ गेल्याइतकंच असतं.

कपाटातली बाटली तपासायला गेली. तळाशी बसलेला पांढरट गाळ गोळ्यांच्या भुकटीचा होता. कसल्या गोळ्या? मूल होऊ नये म्हणून बायका घेतात, त्या! पुढं चौकशीत कळलं, मावशीचा भाचा औषधांच्या गोदामात कामाला होता आणि मुदत संपलेली पाकिटं घरी आणत होता.

सुनेकडून सगळी हकिकत ऐकून डॉक्टरीणबाईंनी ती उलगडून सांगितली. या गोळ्या रोज, खंड न पाडता घेतल्या की पाळी थांबते. मळमळ होते, अंग फुगतं, छाती भरते. बाईला वाटतं, दिवस गेले. सातव्या महिन्यात मावशी घरी ठेवून घेणार, तेल थांबवणार. थांबवलं की काही दिवसांत रक्त जातं, सासूबाईंचं गेलं तसं. मग माउलीनं परत नेलं म्हणायचं, दोष बाईच्या संशयाचा, आणि भिंतीलगत एक क्रूस. पोलिसांनी उकरलं, तेव्हा त्या सगळ्या क्रूसांखाली नुसती माती निघाली. पुढं तेल सुटल्यावर एखादीला खरंच मूल व्हायचं, ते सणाच्या दिवशी मिरवलं जायचं. बाकीच्या पुन्हा बाटली घ्यायला रांगेत उभ्या. मूल मागायला आलेल्या बाईला मूल न होण्याचं औषध पाजायचं, आणि ते तिनं हात जोडून प्यायचं!

"आणि तपासणी दोघांची करायची," डॉक्टरीणबाईंनी किल्लीवाल्याला बजावलं. नऊ वर्षांत त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो मान खाली घालून हो म्हणाला.

तेलमावशीला आणि भाच्याला पोलिसांनी नेलं. पुढच्या सणाला फाटकाबाहेर मावशीची बहीण बसली होती, तशाच बाटल्या मांडून. रांग आधीपेक्षा लांब होती. मावशीचा छळ झाला, म्हणजे ती संतच, असं लोक म्हणत होते.

किल्लीवाल्याची बायको रांगेच्या कडेला उभी राहिली आणि तिनं आपली सगळी हकिकत मोठ्यानं सांगितली. पोट, क्रूस, सासूबाई, गोळ्या. काहींनी कान झाकले. एकीनं विचारलं, "एवढं सांगतेस, तुला झालं का मूल?"

"नाही."

रांगेत हशा पिकला. ती हलली नाही.

"नाही झालं. उपचार चालू आहेत. होईल की नाही, डॉक्टरलाही ठाऊक नाही, आणि ती तसं तोंडावर सांगते. या बाटलीवालीनं कधी 'मला माहीत नाही' म्हटलंय? माउलीपुढं मेणबत्ती लावा, मीही लावून आले. पण प्रश्न विचारायला जी मनाई करते, तिच्या हातचं पोटात घालू नका. आत काय चाललंय ते बघणं म्हणजे पाप नव्हे. बघा. तपासा. तुमचंच शरीर आहे ते!"

रांग पुढं सरकली. लोक बाटल्या घेत राहिले. मग एक तरुण बाई हळूच बाहेर आली. पोट किंचित वर आलेलं, तोंड उतरलेलं.

"मला सहावा लागलाय," ती म्हणाली. "अजून हलत नाही."

 किल्लीवाल्याच्या बायकोनं तिचा हात धरला.

"चल दवाखान्यात. मी येते सोबत. पडद्यावर काहीही दिसो, तुझा हात सोडणार नाही."